कानामागचा ठिपका

सेलूला आम्ही ज्यांच्याकडे भाड्यानं राहायला गेलो, त्या गुरुजींनी खोल्या दाखवायच्या आधी मला एक प्रश्न विचारला. घरात माणसं किती, नवरा काय करतो, पाणी किती लागेल, हे सगळेच घरमालक विचारतात. यांनी विचारलं, "वाघाच्या कानामागं पांढरा ठिपका असते. तो कायले असते?"

माझ्या काखेत पोरगी, हातात ट्रंक, मागं बैलबंडीवर सगळा संसार. मी म्हटलं, "गुरुजी, ज्यानं वाघाले समोरून पाह्यलं तो मागून पाहाले उरते काय?"

त्यांनी मान हलवली. मग म्हणाले, "हे उत्तर नाई. पण खोल्या घे." आणि किल्ली दिली. 'बस' मात्र म्हणाले नाहीत.

ते 'बस' न म्हणणं काय होतं ते मला पुढं कळलं. गुरुजी शाळेत होते तेव्हा त्यांचा नियम होता, प्रश्नाचं उत्तर आलं नाही की पोरानं उभं राहायचं आणि उत्तर येईपर्यंत बसायचं नाही. नोकरी संपली, नियम संपला नाही. ओसरीवर चांगला सागवानी बाक होता, पण त्यावर बसायचा हक्क कोणाला नव्हता. पोस्टमन उभा, तलाठी उभा, लग्नाची पत्रिका घेऊन आलेला व्याहीसुद्धा उभा. ठिपका कायले असते ते सांगा आणि बसा. लोक काहीबाही सांगायचे, गुरुजी मान हलवायचे, आणि लोक उभ्याउभ्याच चहा पिऊन जायचे. मी त्यांच्या घरात इतकी वर्षं राहिले, सणावाराला पुरणपोळी नेऊन दिली, त्यांच्या तापात पेज करून घातली, पण त्या बाकावर कधी टेकले नाही. पाय दुखले की उंबऱ्याला टेकायची. उंबऱ्याबद्दल त्यांचा नियम नव्हता.

मी त्यांना एकदा विचारलं, की पुस्तकात काय लिहिलं आहे? तर म्हणाले, "पुस्तकात दोन उत्तरं आहेत, अन् दोन्हीवर माहा भरवसा नाई. म्हणून तं विचारतो." आणि ती दोन उत्तरं कोणती हे त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही. सांगितलं तर पोरं पाठ करतात, म्हणे. पोरं कुठली, तिथं आम्ही सगळे बापे आणि बाया.

अंगापिंडानं ते बारीक होते. उंचीला एवढे, की तुरीच्या वावरात शिरले की दिसेनासे व्हायचे. कान मात्र देवानं दुसऱ्या कोणासाठी केलेले त्यांना लावले असावेत. उजव्या कानावर, सुतार पेन्सिल खोचतो तसा, खडूचा तुकडा. शाळा सुटून बरीच वर्षं झाली होती, पण आंघोळ, गंध आणि खडू असा त्यांचा सकाळचा क्रम. बायको आधीच गेलेली, मुलगी नागपूरला दिलेली. घरात ते, एक गाय आणि भिंतीवरची मांजरं.

हो, मांजरं. ओसरीच्या भिंतीवर त्यांनी खडूनं मोठ्ठं झाड काढलं होतं. बुंध्याशी एक मांजराहून जरा मोठं जनावर, आणि त्यातून फांद्या फुटून वर वाघ, सिंह, बिबट, चित्ता, आणखी कोणकोण. दर पावसाळ्यात भिंतीला ओल चढून खालचं पुसलं जायचं आणि गुरुजी पुन्हा काढायचे. चित्त्याची फांदी तेवढी तशीच फिकट सोडायचे. म्हणायचे, तसाही तो आपल्या देशातून पुसलाच गेला.

हे झाड ते असं समजावून सांगायचे, की मी चौथी शिकलेली बाई, मलाही तोंडपाठ झालं. "सगळे एकाच मायचे लेकरं," ते म्हणायचे. "मंग वाटण्या झाल्या. ज्याच्या वाट्याले जसं रान आलं, तसं त्याचं अंग झालं." सिंहाच्या वाट्याला मोकळा माळ आला. तिथं लपायला जागा नाही, एकट्यानं शिकार होत नाही, म्हणून त्यानं एकत्र कुटुंब केलं आणि वाळल्या गवताचा रंग घेतला. वाघ आला थंड मुलखातून. त्याला आपला उन्हाळा अजून मानवला नाही, म्हणून तो वैशाखात नाल्यात बसून राहतो. त्याचे पट्टे म्हणजे उभ्या गवतातल्या सावल्या, आणि बिबटाचे ठिपके म्हणजे कडुलिंबाखाली पडलेलं ऊन. बर्फातल्या बिबटाची शेपटी अंगाएवढी लांब, झोपताना तो ती तोंडावर ओढून घेतो, आपण गोधडी घेतो तशी. आणि चित्ता? त्यानं सगळं पळण्यात घातलं, भांडायला काही ठेवलं नाही. नखंसुद्धा पुरती आत जात नाहीत, पळताना जमिनीत रुतावीत म्हणून. त्यानं मारलेली शिकार कोणीही हिसकून नेतो. हे सांगताना गुरुजींचा आवाज असा व्हायचा, की जणू चित्ता त्यांचा धाकटा भाऊ आणि त्याला वाटणीत फसवलेलं.

हे लाखो-कोट्यवधी वर्षांचं काम आहे, कोणी ठरवून अंग बदलत नाही, ज्यांचं जमलं ते राहिले, असंही ते सांगायचे. पण तेवढ्यावर थांबले तर गुरुजी कसले? गावातला माणूस दिसला की त्याला ते झाडाच्या कोणत्या तरी फांदीवर बसवायचे. बाकावर नाही बसवायचे, फांदीवर बसवायचे. कापसाच्या जिनमधले मुनीमजी वाघ, कारण ते रोज आपल्या हद्दीला चक्कर मारून कोपऱ्याकोपऱ्यावर पानाची पिचकारी टाकायचे. पोस्टमन चित्ता. आमचे हे त्याच जिनमध्ये फिटर होते. कापसातून सरकी वेगळी काढायच्या त्या यंत्रांचं सगळं तेलपाणी यांच्याकडे. यांना गुरुजींनी समोरासमोर सांगितलं, "तुम्ही सिंह." हे इतके खूश झाले, की दोन दिवस मिशीला तेल लावत होते. मग तिसऱ्या दिवशी गुरुजींनी पुढचं सांगितलं, की शिकारीचं बरंचसं काम सिंहिणीच करतात आणि जेवायला पहिले सिंह बसतो. यांनी तेवढं ऐकलंच नाही. सिंह शब्दापुढं कोणता नवरा ऐकतो?

मी कोण, हे मी विचारलं नव्हतं. त्यांनीच सांगितलं. "तू बिबट."

मला राग आला. बिबट म्हणजे उकिरड्यामागून फिरणारं, कुत्री उचलणारं जनावर. मी चार दिवस त्यांचा चहा उंबऱ्याबाहेर ठेवून परत आले. पाचव्या दिवशी ते म्हणाले, "शिवी नाई वं बाई ते. वाघाले जंगल पाह्यजे, पाणी पाह्यजे, मोठं जनावर पाह्यजे. बिबट कुठंबी राह्यते. हरीण भेटलं तं हरीण, नाई तं घूस. जंगल तुटलं तं कापसाच्या पऱ्हाटीत राह्यते. मले असंच पाह्यजे अन् तसंच पाह्यजे असं म्हणत नाई." मग मी मनात मोजलं. आर्वीकडचं माहेर, सासरचं खटल्याचं घर, हिंगणघाटची चाळ, आता सेलूच्या दोन खोल्या. राग गेला. पण पुढं बरेच दिवस मी आरशात पाहताना तोंडावरचे वांग मोजायची.

आणि जमवून घेण्याचं एवढं कौतुक करणारा हा माणूस स्वतः कसा? चहा पितळी कपातच. खाट कडुलिंबाखाली, डोकं पूर्वेला. एकदा शेण सारवायला मी खाट हातभर सरकवली, तर रात्रभर खोकून दाखवलं. मुलीकडे नागपूरला गेले तर दुसऱ्या दिवशी परत. तिथलं पाणी म्हणे जिभेला लागत नाही.

तान्ह्या पोळ्याचं सांगायलाच पाहिजे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे लेकरं लाकडाचे बैल सजवून मारुतीच्या देवळापुढं नेतात आणि मग घरोघर बोजारा, म्हणजे खाऊ नाहीतर नाणं, मागत फिरतात. आमच्या पोरीला गुरुजींनी सुताराकडून चाकाचं लाकडी जनावर करून दिलं, आणि ते निघालं बिबट. पिवळा रंग, काळे ठिपके, कानामागं चुन्याचे टिपके. गळ्यात घुंगरू, पाठीवर झूल. देवळापुढं बैलांच्या रांगेत बिबट उभं राहिलं आणि म्हातारी माणसं खवळली. बैलाच्या सणाला बैलखाऊ? गुरुजी पुढं झाले आणि त्यांनी तिथंच वर्ग भरवला. बैलाच्या बापजाद्यांना शिंगं आली, पाय आले, कळपानं राहायची अक्कल आली, ती यांच्याच भीतीनं. आणि यांना पंजे आले, दबकत चालणं आलं, ते त्यांच्यामागं लागून. एकमेकांनी एकमेकांना घडवलं. मग एकाची पूजा आणि दुसऱ्याला हाकलता काऊन? लोकांनी त्यांना हाकललं. पण पोरीला त्या दिवशी बोजारा सगळ्यांपेक्षा जास्त मिळाला, कारण घरोघरच्या बायांना बिबट पाहायचं होतं.

तर असे गुरुजी, आणि त्या वर्षी पोळ्यानंतर थोड्याच दिवसांत खरंखुरं बिबट आलं.

जिन पावसाळाभर बंद असायची. मागची भिंत एका कोपऱ्यात ढासळलेली, आवारात माणसाएवढं तरोट्याचं तण माजलेलं. दसऱ्याला यंत्रांची पूजा आणि मग हंगाम, म्हणून आमचे हे इंजिनाला तेल द्यायला गेले, आणि सरकीच्या गोदामातून त्यांच्याकडे दोन डोळे पाहायला लागले. धावत घरी आले. पाणी प्यायले, मग सांगितलं, बिबट आहे, खाली पिल्लं आहेत.

गुरुजींनी एकच विचारलं. "कानामागचा ठिपका पाह्यला?"

"गुरुजी," हे म्हणाले, "पाठ म्या दाखवली, तिनं नाई दाखवली."

आता दसरा तोंडावर. गोदाम रिकामं झाल्याशिवाय जिन सुरू होत नाही, आणि जिन सुरू झाली नाही तर यांना हंगामाचं काम नाही. आमचं वर्षाचं दाणापाणी त्या हंगामावर. मुनीमजींनी शेटजींना कळवलं आणि शेटजींचा निरोप आला, की नागपूरहून बंदूकवाला पाठवतो. शिकारीला कायद्यानं बंदी आली होती, पण कायदा तेव्हा सेलूपर्यंत पोचायला वेळ घ्यायचा. वनखात्याचा एक माणूस आला होता. भला होता बिचारा. म्हणाला, पिंजरा दुसरीकडे लागला आहे, आला की आणतो.

गुरुजी मुनीमजींपुढं जाऊन उभे राहिले. मुनीमजींनी त्यांना खुर्ची दिली, ते बसले नाहीत. म्हणाले, दसऱ्यापर्यंत मला द्या, मी तिला न मारता घालवतो.

मुनीमजी म्हणाले, "गुरुजी, आप बहोत पढ़े हो, मानता हूँ. पर दसरे को इंजिन का पट्टा फिरना चाहिये. नहीं फिरा तो मैं शेटजी को क्या बोलूँ, बिल्ली ब्याई है?"

"तेच बोला," गुरुजी म्हणाले. "खरं तेच हाये."

घरी आले आणि यांना त्यांनी उपाय सांगितला. रोज दिवेलागणीला इंजिन थोडा वेळ चालवायचं. गोदाम इंजिनघराला लागूनच. त्या धडधडीला ती कंटाळेल आणि पिल्लं उचलून नाल्यानं बोरच्या जंगलाकडे निघून जाईल. यांना पटलं. यांना इंजिनाचं काहीही पटतं.

पहिल्या दिवशी इंजिन सुरू झालं आणि गोदामातून असं गुरगुरणं आलं, की हे तेलाचा डबा टाकून बाहेर. दुसऱ्या दिवशी गुरगुरणं कमी. मग नाहीच. एके दिवशी यांनी इंजिनघराच्या टिनाच्या फटीतून हळूच पाहिलं, तर इंजिन धडधडत होतं आणि बाई पिल्लाला चाटत होती. दुसरं पिल्लू इंजिनाच्या तालावर झोपलेलं.

हे ऐकून गुरुजींचा चेहरा पाहण्यासारखा झाला. आधी आनंद. "पाह्यलं? जमवून घेतलं तिनं." आणि मग एकेक करून सगळं तोंडावरून उतरत गेलं.

मी म्हटलं, "गुरुजी, तुमचं पुस्तक खरं झालं अन् आमचा हंगाम खोटा झाला."

ते भिंतीकडे वळले. झाडासमोर जाऊन उभे राहिले आणि बिबटाच्या फांदीकडे पाहत राहिले, जसं काही तिथं पुढचं लिहिलेलं असेल. मला त्यांची दया आली, आणि स्वतःचीही आली. घरात जेमतेम पंधरवड्याची ज्वारी होती. एकीकडे वाटत होतं, येऊ दे बंदूकवाला, संपू दे एकदाचं. आणि दुसरीकडे ते इंजिनाच्या तालावर झोपलेलं पिल्लू डोळ्यांपुढून जात नव्हतं. आमची पोरगीसुद्धा यांच्या घोरण्यावरच झोपायची.

आणि पोरीवरून मला आठवलं. आमच्या चुलीमागं मागच्या उन्हाळ्यात मांजर व्यालं होतं. भांडी आदळा, फुंकणी वाजवा, पोरीला बदडा, मांजर हललं नाही. पण पोरगी सारखी वाकून पाहायला लागली, डोळ्याला डोळा भिडला, आणि दुसऱ्या दिवशी मांजर पिल्लं तोंडात धरून चालू लागलं. मांजर पिल्लांना सात घरं फिरवतं म्हणतात ना, ते आवाजानं नाही फिरवत.

मी म्हटलं, "गुरुजी, मांजर आवाजाले भीत नाई. नजरेले भीते. कोणी पाह्यलं अन् तिले समजलं का आपल्याले पाह्यलं, का मंग ते जागा सोडते. तुमचं झाड खरं असन, तं हेबी मांजरच हाये."

गुरुजी वळले. म्हणाले, हे बरोबर आहे. मग म्हणाले, कोणीतरी जाऊन पाहायला पाहिजे. आणि मग कानावरचा खडू चाचपत म्हणाले, "म्या अजून पाह्यलं नाई वं बाई."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. ज्या माणसानं गावाला वाघ-बिबट शिकवले, त्यानं जन्मात एकही पाहिलेलं नव्हतं. बोरच्या जंगलात किती वेळा गेले असतील, त्याला हिशेब नाही. प्रत्येक वेळी काहीतरी घेऊन यायचे, कधी झाडाच्या सालीवरचे ओरखडे कागदावर उमटवून, कधी वाळलेली विष्ठा फडक्यात बांधून, एकदा ओल्या मातीतला पंजा मातीसकट ताटात. ते ताट माझं होतं. पण जनावर कधी नाही. ते जायचे तेव्हा ते नुकतंच गेलेलं असायचं. इतक्या वर्षांत हे कोणाला न सांगता त्यांनी सगळ्या गावाला उभं करून ठेवलं होतं.

मी हसले नाही. आता हसते कधीकधी, पण तेव्हा नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते धुतलेलं धोतर, टोपी, कोट घालून निघाले. शाळा तपासायला साहेब यायचे तेव्हाचा तो कोट. जिनच्या भिंतीला यांनी शिडी लावली होती. वर गोदामाचा झरोका. आम्ही खाली उभे, मुनीमजी जरा लांब, आपल्या हद्दीच्या कोपऱ्यावर. गुरुजी चपला काढून शिडी चढले, झरोक्याशी तोंड नेलं, आणि तसेच राहिले. किती वेळ, काय सांगू. यांनी शिडी धरली होती.

वाकताना कानावरचा खडू आत पडला. त्याचा काय एवढा आवाज होणार? पण तो पडला आणि गुरुजी एकदम ताठ झाले. आम्हाला खालून कळलं, की आता तिनं वर पाहिलं.

मग ते हळूहळू खाली उतरले. आम्ही विचारत राहिलो, केवढी आहे, पिल्लं किती, रागावली का. त्यांनी चपला घातल्या आणि घराची वाट धरली. घरी आलो. चहा दिला तो मी चुकून स्टीलच्या कपात दिला, तो प्यायले. त्या दिवशी रस्त्यात भेटलेल्या कोणालाही त्यांनी ठिपका विचारला नाही.

सकाळी गोदाम रिकामं होतं.

दसऱ्याला पट्टा फिरला, मुनीमजींनी पेढे वाटले आणि यांचा हंगाम सुरू झाला. सरकी झाडताना यांना खडू सापडला तो यांनी गुरुजींना आणून दिला. गुरुजींनी तो धोतराला पुसून कानावर ठेवला. आता हे इथं संपलं असतं तर मी लिहायलाही बसले नसते.

गुरुजींचं एक वावर होतं, गावाबाहेर नाल्याला लागून. पऱ्हाटी आणि मधूनमधून तुरीच्या ओळी, आणि नाल्याच्या अंगाला तुरीचा दाट पट्टा. कापूस फुटला होता. पहिल्या वेचणीच्या दिवशी बाया सीतादही करायला दहीभात घेऊन गेल्या. वेचणीआधी पऱ्हाटीच्या झाडाला दहीभाताचा नैवेद्य दाखवतात, तो आमचा रिवाज. मीही होते. धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, पाऊल ठेवलं न ठेवलं तोच पुढच्या बाईला ओल्या मातीत पंजे दिसले, आणि तुरीतून बारीक म्याव ऐकू आलं. मांजराचं नव्हतं ते. दहीभात तिथंच टाकून आम्ही गावात.

बाईसाहेब नाल्यानं बोरकडे गेल्याच नव्हत्या. दुसरं घर म्हणून त्यांनी गुरुजींचं वावर पसंत केलं होतं.

गाव काय सोडतं? गुरुजी भेटायले गेलते ना, म्हणून बाई परतभेटीला आली. बाकावर बसवा तिले. मुनीमजी तर आपणहून आले आणि म्हणाले, शेटजींचा बंदूकवाला अजून मोकळा आहे, तुमच्या शब्दाखातर पाठवतो. गुरुजींनी त्यांना हात जोडले. गावात सांगितलं, की माझ्या वावरात कोणी जायचं नाही, ढोरं न्यायची नाहीत, पोरांनी फिरकायचं नाही. मग कापूस? कापूस राहू दे.

आणि तो राहिला. सगळ्यांच्या वावरातला कापूस गंज्यांवर गेला, बंड्या भरून जिनला लागल्या, यांची यंत्रं दिवसरात्र चालली. गुरुजींचा कापूस बोंडांतून लोंबत राहिला, वाऱ्यानं गळत राहिला. रस्त्यावरून पाहिलं की अख्खं वावर पांढरं दिसायचं. पुढं पिल्लं चालायला लागली आणि एक दिवस ती त्यांना घेऊन नाल्यानं निघून गेली. तेव्हा उरलासुरला कापूस आम्ही सगळ्या बायांनी जाऊन वेचला. पिवळा पडला होता, कवडी झाला होता, म्हणजे भाव न येणारा. पण मला सांगायचं आहे ते त्याच्या आधीचं.

गुरुजी रोज सकाळी वावरात जाऊन बसायचे. कोणी आत शिरू नये म्हणून. त्यांनी कडुलिंबाखालची ती खाट धुऱ्यावर नेली होती, आणि पहिल्याच दिवशी ती डुगडुगत होती, डोकं कोणत्या दिशेला आलं तेही त्यांनी पाहिलं नव्हतं. मी दुपारी भाकरी घेऊन जायची. एका दुपारी पोरगी सुट्टी म्हणून माझ्याबरोबर. ते रस्त्यापर्यंत आम्हाला घ्यायला आले, कारण वाटेत गवत माजलं होतं, आणि पुढं होऊन चालायला लागले. गवत त्यांच्या डोक्याएवढं. टोपी काढलेली. ते कुठं आहेत ते दिसेना, नुसतं गवत हलताना दिसे. दिसत होता तो फक्त कान आणि त्यावरचा खडू. तो पांढरा तुकडा जिकडं वळे तिकडं मी वळे, आणि माझा पदर धरून पोरगी वळे. भीती वाटली नाही. म्हणजे वाटली, पण त्या तुकड्यावर नजर होती तोवर नाही वाटली.

धुऱ्यावर पोचलो. ते खाटेवर बसले ते रस्त्याकडे तोंड करून, तुरीकडे पाठ. भाकरीचं फडकं सोडलं. मी उभी. मागं तुरीत काहीतरी हललं. वारा नव्हता. पोरगी मान वळवायला लागली तशी त्यांनी न पाहता तिचं डोकं हलकेच धरून रस्त्याकडे फिरवलं.

मी म्हटलं, "गुरुजी, आपलंच वावर हाये. सारा जन्म तुम्ही तिच्या मागं फिरले. आता ते दहा पावलांवर हाये. एक डाव मागं वळून पाहून घ्या ना."

"पाह्यलं तं जाईन ते," ते म्हणाले. "लेकरं लहान हायेत अजून. तिसरं घर कुठं पाहीन? नाल्याच्या पलीकडं गावच लागते." आणि भाकरीचा तुकडा मोडला.

मी त्यांच्या मागं उभी होते. ऊन त्यांच्या कानांतून आरपार येत होतं आणि कानावर तो खडू. मागं तुरीत पुन्हा हललं. मग माझ्या तोंडून आपोआप निघालं.

"गुरुजी, तो ठिपका त्याच्यासाठी नसते. त्याले कुठं दिसते तो? मागून येणाऱ्या लेकरासाठी असते. गवतात माय दिसेना, तं तेवढा दिसते."

ते जेवायचे थांबले. मान वळवली नाही. वळवली असती तर मागचं दिसलं असतं. तसंच रस्त्याकडे पाहत त्यांनी खाटेवरची भाकरी उचलून मांडीवर घेतली, जागा केली, आणि म्हणाले, "बस."

मी पोरीला मांडीवर घेतलं आणि तुरीकडे पाठ करून त्यांच्याशेजारी बसले.